आयाम गोरेंग : कढईच्या आधी ठरणारी चव

इंडोनेशियात ‘आयाम गोरेंग’ या नावाने ओळखली जाणारी तळलेली कोंबडी हा तळणीचा पदार्थ असला, तरी त्याची चव कढईत ठरत नाही. ती त्याआधी, मसाल्याच्या वाटणात आणि थोड्या पाण्यात कोंबडी मंद आचेवर शिजत असतानाच ठरते, आणि तेलाकडे शेवटच्या काही मिनिटांचे, कातडी खरपूस करण्याचे काम तेवढे उरते. जगभर पसरलेल्या अमेरिकी पद्धतीत कच्चे मांस मसालेदार पिठात घोळवून तेलात सोडतात, त्यामुळे आतपर्यंत शिजवणे, रस टिकवणे आणि बाहेरून कुरकुरीत करणे अशी तिन्ही कामे तेलाला आणि पिठाच्या आवरणाला एकाच वेळी करावी लागतात. जावा बेटावर रुजलेल्या पद्धतीने ही कामे दोन टप्प्यांत वाटून दिली आहेत, आणि या वाटणीचा परिणाम केवळ चवीवर झालेला नाही. इंडोनेशियातील साध्या, गजबजलेल्या खानावळींची रचना, त्यांचा दिवसाचा क्रम, त्यांचे भांडवल आणि गिऱ्हाइकाच्या पुढ्यात येणारे ताट हे सारे या दोन टप्प्यांनीच घडवले आहे.

पहिल्या टप्प्याला ‘उंगकेप’ म्हणतात. कोंबडीच्या तुकड्यांना वाटण चोळून, ते जेमतेम बुडतील इतके पाणी किंवा नारळाचे पाणी घालून, झाकण ठेवून ती अशा बेताने शिजवायची, की मांस मऊ होईपर्यंत पाणी जवळजवळ आटून जावे आणि वाटणाचा सारा अर्क तुकड्यांत मुरावा. वाटणाला ‘बुम्बू’ असा शब्द आहे आणि त्याचा हळदीचा पिवळा प्रकार घराघरांत चालतो. छोटे लाल कांदे, लसूण, धने, ओली हळद, आले आणि मीठ हे त्यातले घटक मराठी स्वयंपाकाला परके नाहीत. परके वाटावेत असे तीन-चारच आहेत, आणि त्यांची ओळख करून घेतल्याशिवाय या पदार्थाचा वास कशाचा असतो हे कळत नाही. ‘केमिरी’ हे रानअक्रोड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झाडाचे तेलकट बी आहे. ते कच्चे खाल्ल्यास बाधते, पण वाटून शिजवल्यावर वाटणाला दाटपणा आणि स्निग्धता देते. ‘लेंग्कुआस’ हा आल्याच्या कुळातला कंद आहे, मराठी घरांत घसा बसल्यावर चघळल्या जाणाऱ्या कुळिंजनाचा तो सख्खा सोयरा. आल्याहून तो कठीण आणि तंतुमय असतो आणि त्याच्या वासात राळेची छटा असते. गवती चहा महाराष्ट्रात पातीसाठी लावला जातो, तर जावात त्याचा खालचा पांढरा बुंधा ठेचून पातेल्यात टाकतात. ‘दाउन सालाम’ या पानाला परदेशी पाककृतींत सर्रास तमालपत्राचा पर्याय सुचवला जातो, पण त्याचे झाड तमालपत्राच्या नव्हे, तर जांभळाच्या प्रजातीतले आहे; त्याचा वास फोडणीत भसकन सुटत नाही, पाण्यात सावकाश उकळताना हळूहळू उतरतो, आणि म्हणूनच उंगकेपच्या संथ शिजवणीला ते पान इतके मानवते.

या पद्धतीमागचे शास्त्र सोपे आहे, पण ते समजून घेण्यासारखे आहे. कोंबडीच्या स्नायूंना आणि कातडीला धरून ठेवणारे कोलॅजन नावाचे चिवट प्रथिन ओलसर उष्णतेत पुरेसा वेळ मिळाला की विरघळून जिलेटिनमध्ये बदलते, आणि मांस हाडापासून सहज सुटू लागते. थेट तळणीत हा वेळ मिळत नाही, कारण तेवढा वेळ तुकडा तेलात ठेवला तर तो बाहेरून करपून जाईल. मीठ आणि मसाल्यातले पाण्यात उतरणारे घटक या वेळात मांसात शिरतात, तर हळदीचा रंग देणारा कुर्क्युमिन स्निग्धांशात विरघळणारा असल्याने तो कातडीखालच्या चरबीला धरून राहतो आणि तळल्यावर तुकड्याला गडद सोनेरी रंग येतो. तुकडे निथळून, निववून मगच तेलात सोडतात, कारण ओल राहिली तर तेल उडते आणि कातडी कुरकुरीत होत नाही. भरपूर कडकडीत तेलात तो शिजलेला तुकडा थोडाच वेळ राहतो, त्यामुळे आतला रस आतच राहतो आणि पिठाच्या आवरणाची गरजच पडत नाही. हाडाजवळच्या मांसालाही मसाल्याची चव असणे ही या पदार्थाची खरी परीक्षा आहे. सांबल म्हणजे मिरचीची चटणी लावण्यापूर्वी हाडालगतचा एक तुकडा नुसताच खाऊन पाहिला, तर स्वयंपाक्याने पातेल्याला पुरेसा वेळ दिला होता की नाही हे ताबडतोब कळते.

या पदार्थाचे सर्वांत नावाजलेले गाव कालासान हे आहे. मध्य जावातील योग्यकर्ता शहराच्या पूर्वेस, प्रंबाननच्या भव्य शिवमंदिराकडे जाणाऱ्या वाटेवर हे गाव लागते. तेथील तारादेवीचे बौद्ध मंदिर शक ७०० म्हणजे इसवी सन ७७८ च्या संस्कृत शिलालेखामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे, पण इंडोनेशियातल्या सामान्य माणसाला कालासान म्हटले की आधी आठवते ती तळलेली कोंबडी. कालासानच्या पद्धतीत साध्या पाण्याऐवजी नारळाचे पाणी वापरतात आणि त्यात माडाचा गूळ घालतात. जून नारळ खोबऱ्यासाठी फोडला की त्याचे पाणी एरवी वाया जाते. जावाच्या स्वयंपाकाने त्याला येथे मानाचे काम दिले आहे. त्या पाण्यातली आणि गुळातली साखर कोंबडीच्या प्रथिनांशी तेलाच्या उष्णतेत संयोग पावते आणि तुकड्याला काळपट तपकिरी रंग व किंचित गोडसर, खमंग चव येते. मध्य जावाचा स्वयंपाक एकंदरीतच गोडाकडे झुकलेला आहे आणि तिखट-आंबटाची सवय असलेल्या जिभेला हा गोडवा पहिल्या घासाला अनपेक्षित वाटतो, पण त्याच ताटातले झणझणीत सांबल त्याच्या जोडीला घेतले की या गोडव्याचे प्रयोजन ध्यानात येते.

कालासानची कीर्ती देशभर नेण्याचे श्रेय ‘म्बोक बेरेक’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या खानावळवाल्या बाईला दिले जाते. ‘म्बोक’ हे जावानीज भाषेत वडीलधाऱ्या स्त्रीला लावायचे संबोधन आहे. तिच्या घराण्यातील मंडळींनी पुढे वेगवेगळ्या शहरांत खानावळी काढल्या, आणि योग्यकर्त्यातील सुहार्ती यांचे नाव त्यांत विशेष गाजले. या खानावळींमुळे ‘क्रेमेस’ हा प्रकार लोकांच्या ओळखीचा झाला. क्रेमेस म्हणजे कोंबडी शिजवून उरलेल्या मसालेदार रसात तांदळाचे किंवा टॅपिओकाचे पीठ पातळ कालवून ते उंचावरून कडकडीत तेलात सोडल्यावर तयार होणारा जाळीदार, सोनेरी चुरा. तो कोंबडीवर पसरतात, आणि भाताबरोबर खाताना त्याचा कुरकुरीतपणा मऊ मांसाला जोड देतो. पिठाचे आवरण नाकारणाऱ्या या पद्धतीने कुरकुरीतपणाची हौस अशी वेगळ्या मार्गाने भागवली, आणि पातेल्यात उरलेल्या रसाचा थेंबही वाया जाऊ दिला नाही, ही गोष्ट मनापासून दाद देण्यासारखी आहे.

कोंबडी ही जावात पूर्वी रोजच्या जेवणातली वस्तू नव्हती. ‘स्लामेतान’ नावाचे सामुदायिक भोजन जन्म, सुंता, लग्न, मृत्यू, पीककापणी अशा प्रसंगी शेजाऱ्यांना बोलावून आणि प्रार्थना म्हणून केले जाते. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द रिलिजन ऑफ जावा’ या ग्रंथात जावानीज धर्मजीवनाच्या केंद्रस्थानी याच विधीला ठेवले. या भोजनात ‘इंगकुंग’ म्हणजे पाय बांधून, अखंड, नारळाच्या दुधात मसाल्यासह शिजवलेली कोंबडी मांडण्याची प्रथा आहे. अंगणात दाणे टिपून वाढलेली गावठी कोंबडी, म्हणजे तेथील ‘आयाम कांपुंग’, चिवट असते. ती सावकाश शिजवल्याशिवाय खाण्याजोगी होत नाही, आणि उंगकेपची पद्धत का जन्माला आली असावी याचे एक उत्तर या चिवटपणात सापडते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रॉयलर कोंबडी स्वस्त आणि मुबलक झाली, तशी कोंबडी सणाच्या ताटातून रोजच्या ताटात आली. महाराष्ट्रात गावरान आणि ब्रॉयलर यांच्या चवीवरून जो वाद चालतो तोच जावातही चालतो, आणि चांगल्या खानावळीत अजूनही दोन्हींचे दर वेगवेगळे लिहिलेले असतात. ब्रॉयलर अर्ध्या-पाऊण तासात मऊ होते, गावठीला त्याच्या दुपटीहून अधिक वेळ लागतो. पण तो वेळ दिला तर गावठी कोंबडीला जो दाट स्वाद आणि दातांना जाणवणारा घट्टपणा येतो, तो ब्रॉयलरला कधीच येत नाही, त्यामुळे जादा पैसे मोजण्याचे कारण तिथे खरोखर असते.

दोन टप्प्यांच्या या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ खानावळवाल्यांना होतो. सकाळी मोठ्या पातेल्यांत दिवसभराची कोंबडी शिजवून ठेवली की वेळखाऊ आणि कौशल्याचे काम संपते. नंतर गिऱ्हाईक आले की तुकडा तेलात सोडायचा आणि थोड्याच वेळात ताट पुढे करायचे. मीठ, हळद आणि लसूण यांत शिजून पाणी आटलेले मांस कच्च्या मांसापेक्षा अधिक काळ टिकते, ही गोष्ट उष्ण हवेच्या आणि घरोघरी फ्रीज नसलेल्या काळात फारच मोलाची होती. एक चूल, एक कढई, एक दगडी खल आणि भाताचे भांडे एवढ्या सामग्रीवर धंदा उभा राहू शकतो. म्हणूनच आयाम गोरेंगच्या जागा मोठ्या भोजनगृहांपासून ‘वारुंग’ म्हणजे टपरीवजा लहान खानावळींपर्यंत सर्व थरांत आढळतात, आणि पुष्कळदा लहान जागेतली कोंबडी मोठ्या जागेतल्या कोंबडीला हार जात नाही.

अशा खानावळीत जेवण कसे होते ते सविस्तर सांगणे योग्य ठरेल. योग्यकर्त्याच्या परिसरात ‘लेसेहान’ ही बैठक लोकप्रिय आहे. चटया अंथरून, बुटक्या मेजांभोवती मांडी घालून लोक जेवतात. पश्चिम जावातील सुंदानीज खानावळींत हीच बैठक तळ्यावर बांधलेल्या बांबूच्या झोपड्यांत असते. मागणी नोंदवताना पहिला प्रश्न असतो तो ‘दादा’ की ‘पाहा’, म्हणजे छातीचा तुकडा की तंगडीचा. तंगडीत चरबी आणि कोलॅजन अधिक असल्याने उंगकेपचा गुण तिच्यात जास्त उतरतो, तेव्हा नवख्याने तंगडीच मागवावी. काळीज आणि पेटा, पाय, मान यांनाही गिऱ्हाईक असते, आणि सोबत तळलेले ‘ताहू’ व ‘तेंपे’ जवळजवळ प्रत्येक मेजावर येते. ताहू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर, आणि तेंपे म्हणजे शिजवलेल्या सोयाबीनवर रायझोपस जातीची बुरशी वाढवून तिच्या पांढऱ्या तंतूंनी बांधली गेलेली घट्ट वडी. तेंपे हे जावाचेच देणे आहे, आणि ते धने-लसणाच्या पाण्यात बुडवून तळलेले असल्यामुळे कोंबडीच्या शेजारी परके वाटत नाही.

ताटात वाफाळता पांढरा भात असतो, किंवा जाकार्ताच्या बाजूला नारळाच्या दुधात शिजवलेला ‘नासी उदुक’. कोंबडीच्या कडेला ‘लालापान’ म्हणजे कच्च्या भाज्यांचा वाटा असतो: काकडी, कोबीची पाने, चवळीच्या शेंगा आणि ‘केमांगी’ हा तुळशीच्या प्रजातीतला, लिंबाचा वास असलेला पाला. या भाज्यांवर ना मीठ असते ना लिंबू. त्या सांबलात बुडवून खायच्या असतात आणि तळणीच्या स्निग्धतेला व मिरचीच्या जाळाला उतारा म्हणून त्यांची योजना आहे. एरवी भात चमच्या-काट्याने खाणारी इंडोनेशियातील माणसे हे जेवण मात्र हातानेच जेवतात, आणि त्यासाठी मेजावर ‘कोबोकान’ ठेवलेले असते. ते बोटे धुण्याचे पाण्याचे भांडे आहे, त्यात लिंबाची फोड तरंगत असते, आणि ते पाणी पिण्याचे नाही एवढे नवख्या पाहुण्याने लक्षात ठेवावे. पिण्यासाठी बहुतेक जण ‘एस तेह मानिस’ म्हणजे बर्फ घातलेला गोड कोरा चहा घेतात. भाताचा घास, त्यावर हाताने सोडवलेले मांस, सांबलाचा ठिपका आणि केमांगीचे पान असा एकत्र घास घेतला की प्रत्येक घटकाचे काम स्पष्ट होते. यातील एकही वस्तू शोभेची नाही.

सांबल म्हणजे दगडी खलात रगडलेली मिरचीची चटणी. त्या पसरट, उथळ खलाला ‘चोबेक’ आणि वाकड्या बत्त्याला ‘उलेकान’ म्हणतात. ठेचण्यापेक्षा रगडण्यावर भर असल्यामुळे या जोडीचे काम मराठी स्वयंपाकघरातल्या पाट्या-वरवंट्यासारखे चालते, आणि यंत्रात बारीक केलेल्या सांबलाला ती चव येत नाही असे तिकडचे लोकही ठामपणे सांगतात. कोंबडीबरोबर बहुधा ‘सांबल तरासी’ असते: लाल मिरच्या, बारीक तिखट ‘चाबे रावित’ मिरची, टोमॅटो, छोटे कांदे, थोडा गूळ, लिंबाचा रस आणि भाजलेली तरासी. तरासी हा आंबवून वाळवलेल्या बारीक कोळंबीचा गोळा असून तो ज्या ‘रेबोन’पासून करतात ती कोळंबी, कोकण किनाऱ्यावर जवळा म्हणून वाळवून खाल्ल्या जाणाऱ्या कोळंबीच्याच अ‍ॅसिटेस प्रजातीतली आहे. कोकणात ती उन्हात वाळवतात. जावाच्या उत्तर किनाऱ्यावर मीठ लावून, कुटून, पुन्हा पुन्हा वाळवून ती आंबवतात, आणि त्यातून मांसाला आधार देणारी ती खोल, खारट चव येते. मिरची स्वतः मात्र जावाची नव्हे. ती अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात युरोपीय व्यापाऱ्यांच्या मार्गाने आशियात आली, आणि त्यापूर्वी तिखटपणासाठी मिरी, आले आणि जावाची लांब पिंपळी यांचा आधार होता. आज मिरचीवाचून तेथील जेवण इतके अडते, की पावसाळ्यात चाबे रावितचे भाव वाढले म्हणजे ती महागाईच्या सरकारी आकड्यांतही दिसणारी बातमी होते.

खानावळीचे आणखी साधे रूप संध्याकाळनंतर शहरांच्या पदपथांवर उभे राहते. पूर्व जावातील लामोंगान जिल्ह्यातून पोटासाठी बाहेर पडलेल्या कुटुंबांनी जाकार्तासह अनेक शहरांत असे तंबू टाकले. बंद झालेल्या दुकानांपुढे ताडपत्री ताणायची, लाकडी बाकडी मांडायची आणि समोर हाताने रंगवलेले लांबरुंद कापड लावायचे, ज्यावर मांगूर माशाच्या जातीचा ‘लेले’, कोंबडा आणि बदक भडक रंगांत काढलेले असतात, ही त्यांची ठरलेली मांडणी. या तंबूंत ‘पेचेल लेले’ म्हणजे सांबलाबरोबर तळलेला लेले मासा आणि आयाम गोरेंग हे दोन पदार्थ मुख्य असतात. ते रंगवलेले कापड आता इंडोनेशियाच्या लोककलेचा विषय मानले जाते, आणि त्यामागे गाव सोडून आलेल्या माणसांनी एकमेकांना धंद्यात उभे करण्याचा जो इतिहास आहे, तो कोणत्याही मोठ्या उपाहारगृहाच्या इतिहासापेक्षा कमी महत्त्वाचा नाही.

या सगळ्याला एक मोठे वळण १९७९ साली मिळाले. त्या वर्षी जाकार्तात केएफसीचे पहिले दुकान उघडले, आणि पिठाच्या जाड आवरणातील अमेरिकी कोंबडी भाताबरोबर मिळू लागली. १९९१ साली आलेल्या मॅकडोनाल्ड्सलाही तेथे बर्गरच्या जोडीला तळलेली कोंबडी आणि भात ठेवावा लागला. लवकरच हातगाड्यांवर ‘आयाम क्रिस्पी’ नावाने तिची स्वस्त नक्कल मिळू लागली. या कोंबडीच्या आत मसाला मुरलेला नसतो, आणि इंडोनेशियाच्या जिभेला ते अपुरे वाटले, हे त्यानंतर जे घडले त्यावरून दिसते. पूर्व जावात शिजवून तळलेली कोंबडी चोबेकमधल्या सांबलावर ठेवून बत्त्याने दाबण्याचा ‘आयाम पेन्येत’ हा प्रकार रूढ होताच. योग्यकर्त्यात, २००३ च्या सुमारास, बू रुम या खानावळवाल्या बाईंनी हाच हात पिठात घोळवून तळलेल्या कोंबडीवर चालवला आणि तिला कच्च्या मिरची-लसणाच्या ताज्या सांबलात ठेचून ‘आयाम गेप्रेक’ केले. विद्यार्थ्यांच्या या शहरात किती मिरच्या घालायच्या हे गिऱ्हाइकाने सांगायचे असा रिवाज पडला, आणि थोड्याच वर्षांत गेप्रेक देशभर पसरला. उंगकेपमध्ये चव तेलाच्या आधी आत शिरते. गेप्रेकमध्ये ती तेलानंतर बाहेरून ठोकून बसवली जाते. गेप्रेक झटपट होतो, स्वस्त पडतो आणि तरुणांना आवडतो, यात गैर काही नाही. तरीही मिरचीचा जाळ ओसरल्यावर जिभेवर काय उरते हा निकष लावला, तर जुन्या पद्धतीची कोंबडी निःसंशय वरचढ ठरते.

बाकीच्या भागांनी आपापले प्रकार घडवले आहेत. पश्चिम जावात किसलेला लेंग्कुआस कोंबडीबरोबर शिजवून तळतात आणि त्याचा तपकिरी, तंतुमय भुगा वर पसरतात. पश्चिम सुमात्रातील बुकित्तिंग्गीचा ‘आयाम पोप’ नारळाच्या पाण्यात शिजवून तेलात क्षणभरच बुडवतात, त्यामुळे तो फिकटच राहतो. राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांच्या प्रेरणेने सर्व प्रांतांच्या पाककृती गोळा करून १९६७ साली निघालेल्या ‘मुस्तिका रासा’ या सोळाशेहून अधिक पाककृतींच्या जाडजूड ग्रंथामागे हीच विविधता एका राष्ट्राची म्हणून नोंदवण्याची इच्छा होती.

तळणीचा पदार्थ म्हटला की तेलाचा विचार टळत नाही, आणि येथे भारताचाही संबंध येतो. इंडोनेशिया हा जगातील सर्वांत मोठा पामतेल उत्पादक देश आहे आणि भारत हा पामतेलाचा सर्वांत मोठा आयातदार. महाराष्ट्रातील रेशन दुकानांच्या रांगेत उभी राहिलेली पिढी पामतेलाला नावाने ओळखते. या तेलात संपृक्त स्निग्धांश जवळजवळ निम्मा असल्याने ते उष्णतेत लवकर बिघडत नाही आणि खानावळींच्या कढईला परवडते. असे असूनही २०२२ च्या सुरुवातीला तेलाच्या या माहेरघरातच स्वयंपाकाचे तेल मिळेनासे झाले. जागतिक भाव चढल्यामुळे उत्पादकांना निर्यात अधिक फायद्याची होती. सरकारने जानेवारीत लिटरला १४,००० रुपिया असा भाव बांधून दिला, तर दुकानांतून तेल नाहीसे झाले आणि बायकांच्या रांगा लागल्या. अखेर २८ एप्रिलपासून निर्यातबंदी घालण्यात आली, ती २३ मे रोजी उठवली गेली, आणि दरम्यान भारतातल्या तेलबाजारालाही तिची झळ बसली.

त्याच टंचाईत, मार्चमध्ये, सुकार्नो यांच्या कन्या आणि माजी राष्ट्राध्यक्षा मेगावती सुकार्नोपुत्री यांनी तेलासाठी रांगा लावण्यापेक्षा बायकांनी उकडून, वाफवून का शिजवू नये असा सवाल केला, आणि त्यावर टीकेचा भडिमार झाला. टीका योग्यच होती, कारण हातावर पोट असलेल्या तंबूवाल्याची रोजी कढईवर चालते आणि वाफवलेल्या कोंबडीसाठी त्याच्या बाकड्यावर कोणी येऊन बसत नाही. तेलाला स्वयंपाकघरात जुनी जोड आहे ती निखाऱ्याची. बहुतेक खानावळींच्या फलकावर आयाम गोरेंगच्या खालीच ‘आयाम बाकार’ म्हणजे भाजलेली कोंबडी लिहिलेली असते, आणि तिच्यासाठी वेगळी तयारी लागत नाही. सकाळी उंगकेप केलेल्या पातेल्यातलाच तुकडा घेतात, त्याला ‘केचाप मानिस’ हा गुळाने दाट केलेला गोड सोया-रस फासतात आणि नारळाच्या करवंटीच्या कोळशावर उलटसुलट करून भाजतात.